चुकीच्या प्रोग्रॅममध्ये उघडलेली राणी

नारायणगावात एस.टी. स्टँडमागच्या गल्लीत माझं दुकान आहे. पाटीवर 'कॉम्प्युटर विक्री व दुरुस्ती' असं रंगवलंय. त्यातली विक्री कधीच बंद पडली, कारण लॅपटॉप आता लोकांच्या घरी कुरिअरने येतो. दुरुस्तीतलं स्क्रू-पान्याचं कामही आटत गेलं. उरलं ते एकच. माणूस पायरीवरूनच म्हणतो, "भाऊ, फाईल उघडंना." मी त्याला बसवतो, चष्मा पुसतो, कपाळाला आठ्या घालतो आणि त्या फाईलवर माउसचं उजवं बटण दाबतो. पुढचं सगळं सोपं असतं. आठ्या मात्र सोडून चालत नाहीत, नाहीतर गिऱ्हाइकाला वाटतं, एवढं तर आपणही केलं असतं.

या आठ्यांवर माझा संसार झाला. बायको म्हणते, "तुमचे हात मळलेले मी कधी बघितले नाहीत. माझ्या भावाचं गॅरेज आहे, तो निदान काम केल्यासारखा दिसतो तरी."

ज्यांचा या भानगडीशी संबंध आला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. कॉम्प्युटरमधल्या प्रत्येक फाईलच्या नावाला एक शेपूट असतं. एक टिंब आणि त्यापुढे तीन-चार अक्षरं. बऱ्याचदा ते आपल्याला दिसतही नाही. आपण फाईलवर टिचकी मारली की कॉम्प्युटर आत काय आहे ते बघायच्या फंदात पडत नाही. तो फक्त शेपूट बघतो आणि त्या शेपटासाठी नेमलेल्या प्रोग्रॅमला हाक मारतो. आपल्याकडे लग्नात डोक्यावर फेटा दिसला की माणसाला हाताला धरून पहिल्या पंगतीला नेतात, तो नवऱ्या मुलाचा मामा आहे की बँडवाला हे कोणी विचारत नाही, त्यातलाच हा प्रकार. नेमणूक कोण करतं? तुम्हीच. कधीतरी कॉम्प्युटर विचारतो, "कशात उघडू?" आणि खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, "कायम यातच उघडा." तिथं घाईघाईत बरोबरची खूण केली की संपलं. मग पत्र फोटोच्या प्रोग्रॅममध्ये उघडतं, हिशेब गाण्याच्या प्रोग्रॅममध्ये जातो आणि माणूस माझ्याकडे येतो. ती बारीक अक्षरं ज्यानं कुणी लिहिली त्याचं भलं होवो.

हे सगळं मला पहिल्यापासून ठाऊक होतं असं मात्र समजू नका. सुरुवातीची बरीच वर्षं माझी अशी ठाम समजूत होती की शेपूट बदललं की जनावर बदलतं. नदीपलीकडचे शांताराम म्हणून एक द्राक्षबागायतदार आहेत. त्यांच्या द्राक्षांचा तपासणी अहवाल डाउनलोड झाला होता आणि तो कशातच धड उघडत नव्हता. मी शेपूट खोडलं, दुसरं लिहिलं. फाईलचं चित्र लगेच बदलून लाल झालं. "हे घ्या," मी म्हटलं, "रोग मुळातून काढला." शांताराम पेनड्राइव्ह घेऊन निर्यातवाल्याच्या ऑफिसात गेले आणि चार लोकांसमोर ती फाईल उघडलीच नाही. दुसऱ्या दिवशी ते परत आले. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पण ते शांतपणे म्हणाले, "भाऊ, तुमी गोणीवरचं नाव बदललं. आत कांदंच हायेत." नावाने आतला माल बदलत नाही, तो बदलायचा तर वेगळी खटपट करावी लागते, हे मी असं एका द्राक्षवाल्याकडून कांद्याच्या भाषेत शिकलो.

मंचरच्या एका कांदा-बटाट्याच्या अडत्याचा किस्सा तर मी कुणाला सांगत नाही, पण दिवाळी अंकासाठी सांगतो. त्याला मी फोनवरून धडे देत होतो. "तिथं खूण करा, हां, आता ओके म्हणा." त्यानं केली. पण त्याचा माउस होता भलत्याच ठिकाणी. क्षणात त्याच्या पडद्यावरची झाडून सगळी चित्रं एकसारखी झाली आणि कशावरही टिचकी मारली की पांढऱ्या पानावर किडामुंगीसारखी अक्षरं उमटायला लागली. मी मंचरला पोचेपर्यंत त्यानं मॉनिटरला लिंबू-मिरची बांधली होती. "बाजारात कुणाची तरी नजर लागली," म्हणाला. माझ्या फोनवरच्या धड्यांचा दोष मी त्या नजरेवरच राहू दिला. घाम गाळून सगळं पूर्ववत केलं. अडत्यानं पडदा बघितला, लिंबाकडे बघितलं आणि म्हणाला, "गुण आला म्हणायचा." त्यानंतर त्याचा मला कधी फोन आला नाही. लिंबावरच भागत असावं.

असो. माझ्या धंद्याचा कळस झाला तो एका राहुटीत.

होळीनंतर आमच्या नारायणगावात तमाशाच्या फडांच्या राहुट्या पडतात. ज्या गावाला जत्रेत तमाशा हवा त्या गावची कमिटी इथं येते, राहुट्या फिरते, चहा पिते आणि पसंत पडेल त्या फडाला सुपारी देते, म्हणजे तारीख पक्की करते. त्यातल्या एका फडाच्या मालकीण इंदूबाई. त्यांच्याकडचा जुना लॅपटॉप माझ्याच दुकानातून गेलेला. स्टेजवर गाणी वाजवायला घेतलेला, म्हणून मीच त्यात गाण्याचा एक प्रोग्रॅम टाकून 'कायम यातच उघडा' अशी खूण ठिकठिकाणी करून दिली होती. जरा जास्तच ठिकाणी, हे पुढे कळलं.

इंदूबाई मालकीण होत्या आणि वगातल्या राणीही त्याच. वग म्हणजे तमाशातलं नाटक. गण-गवळण, लावण्या झाल्या की राजा, राणी, प्रधान येतात आणि गोष्ट सुरू होते. आता तरुण पोरांना गोष्ट नको असते. त्यांना सिनेमाच्या गाण्यांवरचा नाच हवा. त्या साली येणारी प्रत्येक कमिटी "वग नको, गाणी वाढवा" म्हणत होती. इंदूबाईंनी फडात सांगून टाकलं होतं की यंदा एकाही गावानं वग मागितला नाही तर वग बंद. राजा, प्रधान यांनी दुसरं काही बघावं आणि आपणही तोंडाला रंग लावणं सोडणार. हे मला त्यांचे मॅनेजर बबनराव यांनी सांगितलं होतं. सांगताना त्यांनी दोनदा तंबाखू मळली आणि खायची विसरले.

एका दुपारी त्यांचाच फोन आला. "या लवकर. पार्टी बसलीय. आंबेगावच्या वरल्या अंगाची माणसं हायेत, वगाचं इचारत्यात. कधी न्हाई ते. पण क्लिप दाखवा म्हणत्यात आन लॅपटॉपवर चित्रच उमटंना, निस्ता आवाज येतोय."

मी स्कूटर काढली. एखाद्या डॉक्टरला बाळंतपणाला बोलावलं असावं अशा थाटात राहुटीत शिरलो. आत पेट्यांवर पेट्या रचलेल्या, त्यातल्या एकीवर लॅपटॉप. समोर सतरंजीवर कमिटी. मध्ये धोंडूबाबा, कमिटीतले सगळ्यात वडील, डोंगरातला भातशेती करणारा माणूस, खांद्यावर टॉवेल. शेजारी अध्यक्ष संकेत, तिशीतला, घोडेगावातून वरच्या गावांना जीप चालवतो. आणखी दोघं होते, पण ते शेवटपर्यंत चहाशिवाय कशात पडले नाहीत. इंदूबाई कोपऱ्यात खाटेवर बसून मेथी निवडत होत्या. लॅपटॉपवर गाण्याचा प्रोग्रॅम उघडलेला, त्यात मधोमध एक सुराचं चिन्ह, आणि त्यामागून राणीचा आवाज येत होता. "महाराज, राज्य तुम्ही घेतलंत ते मी दिलं म्हणून. आता न्यायही माझ्याच पदरातून काढून घेणार का?" सगळे खाली मान घालून बसले होते. धोंडूबाबांचे तर डोळेच मिटलेले. मला वाटलं, माणसं पार कंटाळली आहेत.

"आता काळजी नको, मी आलोय," असं म्हणून मी ते बंद केलं.

धोंडूबाबांनी डोळे उघडले. "कुणी बंद केलं?"

"मी. चुकीच्या प्रोग्रॅममध्ये उघडलंय बाबा हे. यात चित्र दिसत नाही."

खाटेवरून इंदूबाई म्हणाल्या, "भाऊ, आवाज येतोय ना? मग राहू द्या की."

इतकं सरळ सांगितलं होतं त्यांनी. पण मी त्यांनाच समजावायला बसलो. शेपूट, नेमणूक, फेटेवाला, सगळं व्याख्यान दिलं. बबनराव खोकले. मी त्यांना पाणी प्यायला सांगितलं. मग त्यांनी माझ्या पायावर पाय दिला. मी पाय बाजूला घेतला आणि म्हटलं, "जागा जरा अडचणीची आहे." आणि मग, केवळ माझं ज्ञान दिसावं म्हणून, तो गाण्याचा प्रोग्रॅम मी लॅपटॉपमधून समूळ काढूनच टाकला. "आता हा त्रास पुन्हा होणे नाही," असंही म्हणालो. फाईल व्हिडिओच्या प्रोग्रॅममध्ये उघडली. झक्क चित्र आलं.

कॅमेरा स्टेजच्या अगदी तोंडाशी ठेवून काढलेली क्लिप होती. हिरव्या शालूतल्या इंदूबाई पडदाभर आल्या. थकलेला, सुटलेला देह, गळ्याच्या वळ्यांत साचलेली पावडर, आणि शेजारी राजा म्हणून उभा असलेला विशीतला पोरगा. आवाज तोच होता, पण आता तो कुणी ऐकत नव्हतं.

संकेत फिसकन हसला. "बाबा, ही राणी म्हणायची का राजाची आई?"

चहा पिणारे दोघंही हसले. इंदूबाईंचे हात मेथीवर थांबले, मग पुन्हा चालू झाले. त्यांनी मान वर केली नाही. आयुष्यात पहिल्यांदा एक फाईल बिनचूक उघडली म्हणून मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. बबनराव माझ्याकडे बघत होते ते मला अजून आठवतं.

"भाऊ," धोंडूबाबा म्हणाले, "मघाशी व्हतं तसं करा."

"म्हणजे?"

"म्हणजे निस्तं ऐकू येत व्हतं तसं. बिघडवा परत."

इतक्या वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. बिघडलेलं नीट करायला माणसं येतात, नीट झालेलं बिघडवायला कोण येणार? आणि बिघडवायचं कशात, तो प्रोग्रॅम तर मी नुकताच वाजतगाजत काढून टाकलेला. पुन्हा डाउनलोड करायला गेलो तर राहुटीत नेटची एक काडी, तीही येऊन जाऊन. मी आठ्या घातल्या. आठ्यांनी काही झालं नाही. मग मला वाटलं, झाकण मिटलं की चित्र दिसणार नाही. मिटलं, तर आवाजही गेला.

"आता मुकंच केलंत की राव," धोंडूबाबा म्हणाले. ते उठले, माझ्या हातातून लॅपटॉप घेतला, झाकण उघडलं, खांद्यावरचा टॉवेल काढून पडद्यावर पसरला आणि पुन्हा जागेवर जाऊन बसले. "लावा," म्हणाले.

मी चाचपडत बटण दाबलं. टॉवेलाखालून राणी बोलायला लागली.

ते वाक्य पुन्हा आलं, न्यायाचं. त्यामागून ढोलकीचा एक हलका ठेका आला, मग गाणं. मी इतकी वर्षं याच गावात, दर साली राहुट्या बघतो, पण खरं सांगतो, तोवर नीट ऐकलंच नव्हतं. आवाज कुठंकुठं चिरकत होता. पण राणी नवऱ्याला जाब विचारत होती आणि तो पोरगा राजा उत्तर देताना अडखळत होता. ते नाटकातलं अडखळणं होतं की खरं, हे मला कळेना.

गाणं संपल्यावर धोंडूबाबा संकेतकडे वळले. "आपल्या जत्रंत मी मागं बसतो, बांधाच्या कडंला. पोर व्हतो तवापासनं. तिथनं तोंड कुणाचं दिसतंय? लुगड्याचा रंग दिसतो. हिरवं आलं की राणी. बाकी समदं कानानं. ह्या बाईचा वग मी लई येळा ऐकलाय, पण स्टेजवर बाई दिसती कशी ते मला आजवर ठाव नव्हतं. आज ह्या भाऊंनी दावलं."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी टॉवेलाकडे बघितलं.

इंदूबाई हसल्या. अगदी मनापासून, मेथीची जुडी मांडीवर ठेवून. "बाबा, मला तरी कुठं तुमी दिसता? चष्मा काढूनच उभी ऱ्हाते मी. मला वाटतं समदा माळ भरलाय."

"पोरं ऐकायची नाय बाबा," संकेत म्हणाला. "त्यांना गाणीच पायजेत. वग लागला का उठून जात्यात. मग अध्यक्ष म्हणून मला बोलत्यात."

बोलणी झाली. आधी गाणी, मग वग, असं ठरलं. सुपारी दिली गेली, नारळ दिला गेला. संकेतनं नारळ दिला खरा, पण नाखुशीनंच दिला. मंडळी गेल्यावर मी इंदूबाईंची माफी मागायला तोंड उघडलं तर त्याच म्हणाल्या, "भाऊ, एका सुपारीनं वग जगत नाय. त्या गावात माणसं बसली तर पुढचं बोलू. उठून गेली तर हा शेवटचा." मग जुडी उचलून म्हणाल्या, "पण दुरुस्तीला बोलवीन ते तुमालाच. एवढं काम दुसऱ्या कुणाला जमायचं नाय."

जत्रेला मी गेलो नाही. मला बोलावणं नव्हतं आणि तोंडही नव्हतं. ज्या दिवशी त्यांचा तमाशा होता त्या दिवशी दुकानात माझं लक्ष लागेना. एका शिक्षिकेचं परिपत्रक मी तिसऱ्याच प्रोग्रॅममध्ये उघडून दिलं आणि त्या बिचाऱ्या "थँक्यू" म्हणून गेल्या.

जत्रा उलटली आणि एका सकाळी दुकानासमोर जीप थांबली. संकेत उतरला. मला वाटलं, हा आता ऐकवायलाच आलाय. त्यानं फोन काउंटरवर ठेवला. "काका, व्हिडिओ काढला व्हता वगाचा. बघा."

मी बघितला. सगळा काळोख. मध्ये दूरवर एक हिरवा ठिपका हलत होता. आवाज मात्र खणखणीत आलेला.

"लांबून काढलाय," मी म्हटलं. "चित्र यात मुळातच नाही. ते काही आणता येणार नाही."

"मागंच व्हतो मी. पोरांच्या गाड्यांच्या आडोशाला उभा व्हतो."

"उठली का पोरं?"

"उठली ना. वग लागला आन उठली. गाड्या चालू केल्या." तो काउंटरवरच्या पेनाशी चाळा करत होता. "मग ती न्यायाची ओळ आली. एकेकानं गाडी बंद केली. चहाच्या गाड्यापाशी उभी ऱ्हायली. बसली नाय, पण गेली बी नाय. संपंस्तोवर तिथंच."

मी चष्मा पुसायला घेतला. मला आत कुठंतरी फार बरं वाटत होतं आणि ते याच्यासमोर दाखवायचं नव्हतं.

"मग आता काय करून हवंय?"

"ह्यातलं चित्र काढून टाका. निस्ता आवाज ठेवा. जीपला लावायचाय, पेनड्राइव्हवर." मग त्यानं स्वतःच खुलासा केला, "घाटात रेडिओ लागत नाय म्हणून."

फोनवर टॉवेल टाकून वाजव, असं अगदी जिभेवर आलं होतं. पण आठ्या घातल्या आणि कामाला लागलो. या वेळी नुसतं शेपूट बदललं नाही. शांतारामांची आठवण ठेवून आतला माल बदलला. काळोख काढला, आवाज ठेवला. लावून बघितलं तर दुकानात पेनड्राइव्ह घेऊन उभी असलेली माणसं बोलायची थांबली. संकेतनं खिशात हात घातला, तेव्हा मी म्हटलं, "राहू दे. बिघडवून द्यायचे पैसे मी घेत नाही."

तो तिथंच असताना मी इंदूबाईंना फोन लावला. त्यांचा फड तेव्हा कुठल्याशा दुसऱ्या गावाला होता. सगळं सांगितलं. काळोख, हिरवा ठिपका, चहाच्या गाड्यापाशी उभी राहिलेली पोरं, जीप.

मग त्यांनी विचारलं, "जीपमधी माणसं किती बसत्यात?"

मी संकेतला विचारलं. तो म्हणाला, "कागदावरची सांगू का खरी?"

"खरी," मी म्हटलं.

"टपावरची धरून?"

बाईंनी ते ऐकलं असावं, कारण त्या हसत होत्या. हसता हसता त्यांचा आवाज जरा ओला झाला. "मग लई गर्दी हाय म्हणायची," त्या म्हणाल्या. फोन तोंडापासून लांब गेला आणि त्या मागं कुणाला तरी हाक मारून सांगत होत्या, ते मला स्पष्ट ऐकू आलं. "बबनराव, राणीला नवं लुगडं घ्यायचं यंदा. हिरवंच. पण भडक बघा, मागनं दिसाय पायजे."